हद्दीबाहेरची खूण

स्ट्रॉमनेसला जूनमध्ये रात्र अशी होतच नाही,
उजेड जरा खाली बसतो, पुन्हा उठतो.
असल्याच एका रात्री नकाशा सुरू केला मी:
बेटाची कड, पाच कॅमेरे,
आणि बाकी रिकामी जागा,
ज्याला जे ठाऊक ते त्यानं टोचावं.

पहिला कॅमेरा बोटीच्या धक्क्यावर.
दुसरा इंगा फूबिस्टरच्या खिडकीत,
जिरेनियमच्या कुंडीमागून अर्धा रस्ता दिसतो
आणि शनिवारी तिचं काच पुसायचं फडकं.
तिसरा खांबावर, बंदराकडे तोंड करून.
चौथ्यावर कोळ्यानं जाळं विणलंय.
पाचवा बहुतेक वेळ धुकं दाखवतो,
तरी सगळ्यात जास्त बघे त्यालाच. का, कुणास ठाऊक.

लोक टोचायला लागले.
इथे सील. इथे मेंढ्या, कुंपण मोडून.
इथे ओहोटीला पाय घसरतो.
इथे माझा हातमोजा पडला, डावा, सापडला तर खांबाला लावा.

ड्रेव्हर नावाच्या म्हाताऱ्याची खूण मात्र परत जायची.
तो टोचायचा समुद्रात, उघड्या पाण्यात,
आणि मीच लिहिलेला नियम त्याला सांगायचा: हद्दीबाहेर.
अकरा वेळा.
बाराव्यांदा त्यानं कारण लिहिलं:
इथे आम्ही जाळी टाकायचो, मी आणि टॅम.
जागा तीच आहे. पाणी बदललं असेल.

भाऊंना फोन केला. माझे वडील,
चौतीस वर्षं मोजणी खात्यात,
साखळी, शंकू, लाल-पांढऱ्या झेंड्या.
मिरजेच्या आसपास त्यांनी रोवलेले दगड
अजून भांडणं थोपवून उभे आहेत, असं ते म्हणतात.
"हद्द कुणी ठरवली तिथे?"
मी.
"दोन्ही बाजूंना बोलावलंस? नोटीस काढलीस?"
एका बाजूला समुद्र आहे, भाऊ.
"मग त्याचंही म्हणणं लिहून घे."

नियमाची ती ओळ खोडली.
टॅमची जागा पाण्यावर उमटली.

चार दिवसांनी नकाशावर एक नवं नाव: मोजणीदार, मिरज.
तिसऱ्या कॅमेऱ्याखाली नोंद,
खात्याच्या त्या इंग्रजीत, जिचं प्रत्येक वाक्य
सविनय उठतं आणि सविनय बसतं:
समोरच्या दिव्याच्या खांबाची सावली
आपल्याकडील एक वाजून सोळा मिनिटांनी नेमकी उत्तरेस असते.
त्यावरून पाहता आपला बाण सात अंशांनी चुकलेला आहे.

होकायंत्र घेऊन गेले. खरंच.
एक धिप्पाड कुरव कॅमेऱ्यावर बसून बसून
त्याची मान वळवत होता.
सात नाही, साडेसहा निघाले.
हे सांगितलं, तर भाऊ दोन दिवस बोलले नाहीत.

मग त्यांनी नकाशालाच विचारलं:
दिव्याच्या खांबापासून दोर बांधायच्या खुंटापर्यंत अंतर किती?
उत्तर ड्रेव्हरचं. एक्केचाळीस पावलं.
पावले कोणाची? उंची नमूद करावी.
पाच फूट पाच. आधी सात होतो.
वय?
ते गुडघ्यांना विचारा.

मी काहीच मध्ये बोलले नाही.
माझ्या नकाशावर दोन म्हातारे धक्का मोजत होते,
एक पायांनी, एक चष्म्यातून,
आणि इंगा फूबिस्टर दोघांच्याही खाली
एकेक अंगठा ठेवून जायची.

आज एक सोळाला तिसऱ्या कॅमेऱ्यात
ड्रेव्हर येऊन उभा राहिला, टोपी काढून,
खांबाशेजारी, हात अंगाला चिकटवून,
शाळेत उंची मोजायला रांगेत उभं करतात तसा.
ढग होते.
मिरजेत पावणेसहा वाजलेले.
नोंद आली: सावली उपलब्ध नाही. कृपया उद्या यावे.

त्यानं फोन पार नाकाशी नेऊन वाचलं.
टोपी घातली.
आणि खुंटाकडे चालायला लागला,
कॅमेऱ्याकडे पाठ, तरी वळणावर एकदा दिसलं,
त्याचे ओठ हलत होते,
सतरा, अठरा, एकोणीस.